डेखासकट वांगं

मनकर्णा, म्हणजे आमची घरवाली, कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात पडली ते कोबीच्या पाल्यावर पाय घसरून. इतकी वर्षं त्याच चिखलातून डोक्यावर पाटी घेऊन चालली, कधी ठेच लागली नाही. अन् त्या दिवशी रिकाम्या हातानं येऊन राहिली होती, तर पडली. खुब्याचं हाड गेलं. मेडिकलच्या दवाखान्यात पायाले वजन लटकवून ठेवलं तिले. डॉक्टरनं जीव लावून केलं सगळं, पण पाय आखूड राह्यला तो राह्यलाच. घरी आणली तर काठी घेऊन चुलीपासून दारापर्यंत. त्याच्यापुढं नाही.

हा काळ म्हणजे शहात्तर-सत्त्याहत्तरचा असन. हिंगण्याकडे नवे नवे कारखाने निघून राहिले होते, अन् शहराच्या या अंगाले कारखान्यातल्या लोकाईची कॉलनी वसली होती. त्या कॉलनीच्या चौकात, कडुनिंबाखाली, आमचा भाजीचा ठेला, ढकलत न्यायचा. आणायचं काम दोघाईचं, विकायचं तिचं. मी विकाले बसलो तर गिऱ्हाईक भाव विचारे, मी भाव सांगो, तो घेये नाहीतर जाये. संपलं. मनकर्णेचं तसं नव्हतं. कोणाच्या पोट्टीले दिवस गेले, कोणाच्या नवऱ्याची शिफ्ट बदलली, कोणाच्या घरी आज पाहुणा येणार, हे सगळं तिले ठाऊक. बाई वांगे घ्याले यायची अन् घंटाभर बोलून जायची. जाताना वांग्यासंगं भेंडीही नेये.

ती पडल्यावर ठेला चालला, पण मुकाच चालला. बाया विचारत, "नत्थूभाऊ, मावशी कशी हाय?" मी म्हणो, "हाय."

अन् घरी ती बाजेवर बसून. दुपारी आमची गल्ली म्हणजे मसणवटा, सगळे कामाले गेलेले. संध्याकाळी मी आलो की तिची विचारपूस सुरू होये. कोण आलं, काय म्हणे, कोणती साडी होती. मी म्हणो, "साडी कायले पाहू मी? लोकं हाडं मोडतीन माह्ये." तर म्हणे, "पाहायची होती. घरात बसून बसून बुरशी लागून राहिली मले."

हसून म्हटलं तिनं. पण पान पडल्याचा आवाज आला तरी दाराकडे पाहे ती. मले दिसत होतं न.

एक दिवस संध्याकाळची कंपनीची बस आली. त्यातून प्रेमिला उतरली. ही पंख्याच्या कारखान्यात प्याकिंगले होती, मोठी बोलकी पोरगी, आता चेहरा पार उतरलेला. वांगं उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"काय झालं वं? किडकं नाही ते."

"किडकं नाही भाऊ. न्यायचं तर हाय, पण घरी जाऊन चिराले कोणाच्या हातात जीव राहिला? तुम्ही चिरून देता का?"

"हो, अन् शिजवून भरवतोही," म्हटलं मी. ती हसली अन् निस्ते आलू घेऊन गेली.

रातच्या जेवणावर गंमत म्हणून मी हे मनकर्णेले सांगतलं. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"मी चिरीन."

"काय?"

"पाय मोडला माह्या, हात नाही मोडले. दुपारभर बसून काय करतो आपण? भाजी घरी ठेवून जा. मी चिरून, धुऊन, पळसाच्या पानाच्या दोन्यात भरून ठेवीन. बसच्या टायमाले तुम्ही घेऊन जा."

आता मले भाजीतलं एक कळते. बाकी दुनियेतलं काही नाही कळत. जुडी बांधलेली मेथी पाहा, पाणी मारलं की हिरवीगार उठून बसते. तीच चिरून ठेवा, घंट्याभरात तोंड काळं. मी म्हटलं, "हे पाय मनकर्णे, भाजी चिरली की म्हातारी होते. दुपारी चिरलेलं वांगं रातच्याले खाणं म्हणजे तेरवीचं जेवण. मी आजपर्यंत शिळा माल विकला नाही."

"तुम्ही भाजीले जपा," म्हणे. "माणसाले कोण जपन? ती पोरगी उभ्यानं दिवसभर काम करून आली, अन् तुम्ही तिले आलू देल्ले."

"तिनं मागतले!"

"वांगे पाहिजे होते तिले."

बायकोसंगं वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या गल्लीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू. सकाळी मी मार्केटातून येऊन तिच्यासमोर ढीग लावो. ती पावशी घेऊन बसे. विळीले आम्ही पावशी म्हणतो, तिच्यावाली तिच्या मायनं देल्ली होती. गवार मोडली, भेंडीच्या चकत्या, वांग्याच्या फोडी करून मिठाच्या पाण्यात, काळ्या पडू नाही म्हणून. कपाळावर घाम, पण गाणं म्हणत होती. मले गाणं ऐकून बरं वाटलं, अन् दोने पाहून वाईट वाटलं. ओलं फडकं झाकून, वरून पुन्हा पाणी मारून, मी चोरीचा माल नेल्यासारखे ते चौकात नेले.

बसमधून बाया उतरल्या अन् पंधरा मिनिटांत दोने साफ.

म्हणजे माल गेला बापा! मी तोंड वाकडं करून उभा, अन् माल जाऊन राहिला. त्यातही मज्जा पाहा. एकही पोरगी दोना हातात घेऊन घरी जाये नाही. दुपारचा जेवणाचा डबा रिकामा राहे न, त्याच्यात भाजी ओतून घ्यायची, वरून झाकण लावायचं, दोना फेकून द्यायचा. "घरी सांगू नका भाऊ," म्हणत. प्रेमिला तर म्हणे घरी गेल्यावर रांधणीत पावशी काढे, दोन-चार कांदे खडाखडा चिरे, आवाज होऊ दे म्हणून, अन् मंग हळूच डबा उघडे. घरी सासू होती ना.

सासूचं नाव कौसल्याबाई. मौद्याकडची बाई, शेतातली. तिच्यावाली बोटं वातानं वाकडी झाली होती, वांगं धरून पावशीवर दाबता येये नाही, म्हणून चिरणं सुनेच्या वाट्याले आलं. पण तोंडात दात नव्हते तरी जीभ अशी तिखट, की भाजीत मीठ कोणत्या डब्यातलं हाय ते सांगन.

घरी मनकर्णा आता रोज विचारे, "काय म्हणत होत्या? आवडली का?" मी म्हणो, "नेली सगळी." "मंग काही म्हणाल्या का माह्याबद्दल?" आता काय सांगाव? त्या तर पळत होत्या झाकण लावून. कोणी थांबूनच राहिली नाही बोलाले. मी म्हटलं, "मावशीचा हात चांगला म्हणत होत्या." एवढं खोटं चालते. तिनं दुसऱ्या दिवशी दुप्पट भाजी चिरली.

अन् तिथंच घोटाळा झाला.

आमच्या इकडच्या माणसाले वांग्याचं डेख म्हणजे काय, हे बाहेरच्याले नाही कळत. डेख म्हणजे वांग्याचं देठ, त्या हिरव्या टोपीसकट. रस्स्यात शिजलं की मऊ होते, अन् त्याले चोखून खायचं. घरात मोठ्या माणसाच्या ताटात डेख जाते. लग्नाच्या पंगतीत डेखावरून भांडणं झालेली मी पाहिली. आता हे मनकर्णेले ठाऊक नव्हतं काय? चांगलं ठाऊक होतं. पण तिच्या डोक्यात बसलं, की या कारखान्यात जाणाऱ्या पोरी, डेखाले काटे राहतात, थकल्या हाताले टोचतीन. चांगल्या मनानं तिनं सगळे डेखं कापले अन् गाईले घातले. मी पाहिलं. म्हटलं, नवीन धंदा हाय, नवीन तऱ्हा असन.

पहिल्या दिवशी कौसल्याबाईनं ताटात शोधलं. दुसऱ्या खेपेले रस्सा वाटीनं ढवळला. तिसऱ्या खेपेले सुनेले विचारलं, "वांग्याचं डेख कुठं गेलं वं?"

प्रेमिला म्हणे, "किडकं होतं, आई."

"सगळ्याच वांग्यांचं?"

प्रेमिलानं पोळी तव्यावर टाकली. तिचा नवरा मार्तंड, बिचारा भोळा, मधात बोलला, "पण भाजी मस्त झाली हो आई." त्याच्याकडे बुढीनं असं पाहिलं म्हणे, की त्यानं पुढची पोळी मागतलीच नाही. तिनं एक फोड तोंडात घोळवली अन् म्हणे, "हे वांगं दुपारी चिरलं. पाण्यात मुरलं. चवीचं पाणी झालं अन् पाण्याले चव आली. माह्या घरी दुपारी तर चिराले कोणीच नव्हतं. मंग चिरलं कोणी?"

दुसऱ्या दिवशी मी चौकात फडकं काढून दोने मांडून राहिलो होतो. मागून आवाज आला, "काय गा नत्थू!"

कौसल्याबाई. नऊवारी खोचलेली, डोक्यावर पदर, कॉलनीच्या पार टोकापासून चालत आली होती. बस यायची होती अजून. तिनं एक दोना उचलला, वास घेतला, एक फोड तोंडात टाकली अन् थुंकली.

"कोणी चिरलं हे?"

"माल हाय बाई, कोणी का चिरना."

"आमच्या घरच्या ताटातलं डेख कोणी नेलं, ते मले पाहायचं हाय. तू तर चिरणारा नाही. तुह्ये हात तराजू धरणारे. उद्या त्या बाईले इथं माह्यासमोर आण. नाही आणलं, तर कॉलनीतल्या घरोघरी जाऊन सांगतो, सुना डब्यात काय आणून राहिल्या ते. मंग पाहीन तुह्या ठेल्यावरून एक तरी काडी उचलते का कोणी."

अन् ती गेली नाही. तिथंच नालीवरच्या पुलियावर बसली. बस आली, पोरी उतरल्या, अन् पुलियावर कौसल्याबाई पाहून अशा पांगल्या, जशी कोंबड्याईत मांजर शिरली. प्रेमिला तर रस्त्याच्या त्या बाजूनं गेली. दोने जसेचे तसे.

सगळे दोने मी घरी परत आणले. लपवाले जागा नाही, ठेल्यावरच होते. मनकर्णेनं दारातूनच पाहिले.

"काय झालं?"

मी सांगतलं. सगळंच सांगतलं, डेखाचंही. मले वाटलं रडन. ती दोन्यातली फोड हातात घेऊन पाहत राहिली. कडेनं काळी पडली होती, मिठाचं पाणी असूनही. वास घेतला.

"बरोबर हाय बुढीचं," म्हणे. "मी असती तर मीही थुंकली असती. हे मले दाखवाले कोणी नव्हतं. तुम्ही म्हणत होते, आवडली."

मी ठेल्यावरचे दोने उतरवाले लागलो.

"उद्या न्या मले."

"कुठं? अर्ध्या कोसावर चौक हाय. दारापर्यंत जाताना धापा टाकते तू."

"ठेला काय निस्ता कोहळ्यासाठी हाय?"

"लोकं हसतीन."

"हसू द्या. एवढे दिवस हसण्याचा आवाजही नाही ऐकला मी."

मंग काय. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर पोतं दुहेरी करून अंथरलं, एका अंगाले वांगे, एका अंगाले दुधी अन् कोहळं, मधात मनकर्णा. आखूड पाय लांब करून, मांडीवर पावशी. निघालो तर सगळी गल्ली दारात. आमच्या समोरचे दत्तोपंत, पेन्शनर मास्तर, चष्मा वर करून म्हणे, "नत्थू, हा माल काय भावानं?" ती ठेल्यावरूनच बोलली, "तुम्हाले परवडणार नाही मास्तर, कोवळा हाय." दत्तोपंत असे हसले का खोकला लागला त्याईले. मी घामेघूम होऊन ढकलून राहिलो, अन् ती इकडे हात कर, तिकडे हात कर, खड्डा आला की मले शिव्या दे.

चौकात कौसल्याबाई आधीच पुलियावर बसलेली. ठेला पाहिला, पाय पाहिला, काठी पाहिली. मले वाटलं, आता बुढी नरम होईन. कसची नरम!

"तूच का वं ते? हात तर चांगले दिसतात तुह्ये. अक्कल कुठं ठेवली मंग?"

"कॉटन मार्केटात पडली," मनकर्णा म्हणे. "पायासंगं."

"डेखं काय केले?"

"गाईले घातले."

"गाईले!" बुढीनं कपाळावर हात मारला. "आमच्या घरी गाय नाही वं, मी हाय! मले दात नाही, पोळीचा घास चावता येत नाही, एक डेख होतं चोखाले, तेही गाईले घातलं तुनं. पोरगा आपल्या ताटातलं माह्या ताटात टाके, ते किती दिवसाचं चालत होतं. सगळ्यात दुसऱ्याच्या हातानं जगतो आम्ही. निदान डेख तर आमचं राहू द्यायचं होतं."

मनकर्णेनं मांडीवरची पावशी खाली ठेवली. मंग म्हणे, "पोरीईले काटे टोचतीन म्हणून काढले."

"काट्याले काय होते! पावशीच्या पाठीनं घासलं की काटा जाते. तुह्या मायनं नाही शिकवलं?"

"शिकवलं होतं. पण आमच्या गावच्या पोरीईले काट्याची सवय राहे. मले वाटलं शहरातल्या हाय, सगळं साफ करून देऊ."

"बरं," बुढी म्हणे. "चीर. माह्यासमोर चीर. पाहू तुह्यं."

मी ठेल्याच्या चाकाले विटा लावल्या. मनकर्णेनं पावशीवर पाय ठेवला, चांगला पाय. एक वांगं उचललं, पावशीच्या पाठीनं डेख घासलं, काटे झडले. मंग खालून चार फोडी करत वर आली.

"थांब, थांब! डेखापाशी थांब. जोडून राहू दे ते."

"राहूनच राहिलं."

"जरा जास्त कापते तू. आमच्या घरी याच्याहून अलीकडे थांबतात."

"कसं, असं?"

"अजून जरासं... हा. असं." बुढीची वाकडी बोटं मांडीवर हलून राहिली होती, जशी काही तिच्याच हातात पावशी हाय. "आता धुऊ नको. चिरल्यावर काही धुत नाही. चिरायच्या आधी धु."

"ठाऊक हाय मले."

"ठाऊक हाय तर मिठाच्या पाण्यात काहून बुडवत होती?"

"अवं बाई, दुपारपासून ठेवायचं तर काय करू? सुकवू का?"

"मंग दुपारी चिरू नको न!"

हे बोलणं चालूच होतं, तेवढ्यात बस आली. पोरी उतरल्या अन् जागच्या जागी उभ्या राहिल्या. ठेल्यावर मनकर्णा बसलेली, बाजूले कौसल्याबाई. पळावं का थांबावं कळेना त्याईले. प्रेमिला डबा पदराखाली घेऊन बसच्या मागं सरकली.

"ये वं इकडे," सासू ओरडली. "लपून काय राहिली? डबा काढ."

प्रेमिला आली. तोंड पांढरं. "आई, मी सांगणारच होती..."

"कधी? मी मेल्यावर? कांदे चिरून आवाज काढत होती म्हणे. मी बहिरी नाही, कांद्याचा आवाज अन् वांग्याचा आवाज येगळा राहते." प्रेमिला रडकुंडीले आली. बुढीनं तिच्या हातातून डबा ओढला, झाकण काढलं अन् मनकर्णेसमोर धरला. "ही थकून येते, मले काय दिसत नाही? माह्या हातानं होत असतं तर मीच चिरून ठेवलं असतं. होत नाही. बाईनं चिरलं तर चिरू दे. पण माह्या डोळ्यासमोर, ताजं, डेखासकट. भर वं."

मनकर्णेनं प्रेमिलाच्या घरासाठी वांगे चिरले, आता सांगतलं होतं तसे, अन् डब्यात टाकले. मंग बाकीच्या पोरी जवळ आल्या. आधी एक, मंग सगळ्या. अन् मनकर्णेचं तोंड सुरू झालं. "तुमच्या घरी भेंडी कशी, लांब का गोल? सासरची तऱ्हा सांग, माहेरची नको सांगू. सिंधू, तुह्यी पोट्टी चालाले लागली का वं? काय म्हणते! अन् मले कोणी सांगतलं नाही!" इथं तिनं माह्याकडे असं पाहिलं, जसं पोट्टीले चालण्यापासून मीच अडवून ठेवलं होतं.

आता सगळ्याच खुश झाल्या, असं नाही. एकीले घाई होती, ती म्हणे, "मावशी, तयार दोने बरे होते, हात मारला का निघालं." मनकर्णा म्हणे, "तयार पाहिजे तर आलू ने." ती अख्खी फुलकोबी घेऊन पाय आपटत गेली. मले म्हणाल तर मी अजूनही म्हणीन, ठेल्याजवळ चिरलं तरी घरी जाऊन चिरण्याची सर नाही. पण मी हे तेव्हा बोललो नाही. चिराले वेळ लागे तर पोरी पुलियावर बसल्या, चपला काढून पाय मोकळे केले. कोणी सुपरवायझरची नक्कल करून राहिली, कोणी बुढीले डेखाचा रस्सा कसा करायचा विचारून राहिली. बुढी सांगत होती अन् मधेच मनकर्णेले टोकत होती, "मोठी फोड झाली, मोठी!" अन् ती म्हणे, "तुम्हाले दिसते तरी का एवढं?" एवढा गोंगाट त्या कडुनिंबाखाली कितीतरी महिन्यांनी ऐकला मी.

हळूहळू सगळ्या गेल्या. प्रेमिला सासूचा हात धरून उभी राहिली, पण बुढी काही उठली नाही. दिवे लागले. मी विटा काढल्या, कोहळं सरकवलं, ठेल्याची दांडी धरली.

"चाल मनकर्णे. पाय दुखत असन."

"दुखून राहिला," ती म्हणे. "बसा तुम्ही. कॉलनीतल्या शालिकरामच्या बायकोले आज ओव्हरटाइम हाय म्हणे, तिची बस याची हाय अजून."

"तिले वांगे पाहिजे कोणी सांगतलं?"

"पाहिजे असतीन. येऊ तर द्या तिले."

मी विटा पुन्हा चाकाले लावल्या. म्हटलं, "मंग चहा तरी सांगतो."

"तीन सांगा," म्हणे. "कौसल्याबाईच्यात साखर जास्त. अन् तो कंदील माह्या अंगाले लावा जरा, हाताजवळ काही दिसून नाही राहिलं."